जास्तीची फेरी

१

रविवारी सकाळी ट्रॅकवर पोचलं की पहिलं काम कॅमेऱ्याचं, आणि ते काम धाकटीचं. थोरली लेदरच्या सूटमध्ये स्वतःला कोंबत, "हा आटलाय की मी फुगलेय, खरं सांग," असं दर रविवारी विचारायची. धाकटी मोटरसायकलच्या मागे उकिडवी बसून गाठी तपासत म्हणायची, "सूट आटलाय गं ताई." बहीण म्हणून एवढं खोटं बोलावंच लागतं.

कॅमेरा शेपटीवर, तोंड पुढे. त्यात चालवणारीची पाठ दिसते, हेल्मेट दिसतं आणि खांद्यावरून पुढचा रस्ता. माउंट एकदाच चिकटवायचा, तोही आदल्या दिवशी, कारण त्याचा गोंद चोवीस तास झाल्याशिवाय भरवशाचा नाही. सकाळी कॅमेरा त्यात सरकवायचा, खटका वाजला का ते कान लावून ऐकायचं आणि वर एक दोरी गाडीच्या सांगाड्याला बांधायची. दोरी नसेल तर तपासनीस गाडी आत सोडत नाही. ताशी दीडशेच्या वेगात निसटलेला कॅमेरा मागून येणाऱ्याच्या छातीत बसायचा, त्यापेक्षा दोरी बरी.

आता या दोघींबद्दल सांगायला हवं. थोरली सत्तेचाळीस वर्षांची, धंद्याने शिंपीण. शाळांचे गणवेश, हॉटेलांचे पडदे, जे येईल ते शिवणारी. ट्रॅकवर पोरंसोरं तिला टेलरबाई म्हणायची, आणि फाटलेले हातमोजे हक्काने तिच्यापुढे टाकायची. तीस वर्षं कात्री चालवून तिचं उजवं मनगट कामातून गेलं होतं. पुढच्या महिन्यात ऑपरेशन. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "त्यानंतर गाडी बाजारात जाण्यापुरती. ट्रॅक विसरा." आणि टेलरबाईंना आयुष्यात एकच गोष्ट अजून हवी होती. ट्रॅकची एक फेरी दोन मिनिटांच्या आत. चार वर्षं ती दोन मिनिटं दोन सेकंद, दोन मिनिटं एक सेकंद इथे अडकून पडली होती. उरले होते तीन रविवार.

धाकटी दुकानांतले वजनकाटे तपासायची. एक ग्रॅम इकडेतिकडे झाला तरी हिला खपत नाही, अशी ख्याती. आणि हीच बाई माउंट चिकटवताना चुकली! तशी पाणसळ ठेवून, बुडबुडा अगदी मधोमध आणून चिकटवला होता. फक्त तेव्हा गाडी साइड स्टँडवर कललेली होती, हे लक्षात राहिलं नाही. गाडी सरळ उभी केली आणि माउंट वाकडा. तोवर गोंद असा धरलेला की निघता निघेना.

"जगाचे काटे सरळ करतेस," थोरली हसून हसून खाली बसली, "आणि माझा ट्रॅक तेवढा तिरका!"

तेव्हापासून दोघी व्हिडिओ बघताना माना वाकड्या करून बसायच्या.

२

पहिल्या रविवारची ही गोष्ट. दुपारी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, दोन कप चहा आणि ट्रॅकवरून आणलेला वेळेचा कागद. प्रत्येक गाडीला एक डबी बांधतात, गाडीने रेघ ओलांडली की वेळ आपोआप नोंदली जाते. कागदावर सात फेऱ्या होत्या. सगळ्या दोन मिनिटांच्या वर.

व्हिडिओत आठ होत्या.

धाकटीने पुन्हा मोजल्या. बोटांवर मोजल्या, मग कागदावर रेघोट्या मारून मोजल्या. आठच. चौथ्या फेरीनंतर एक फेरी जास्तीची होती.

"तूच चुकली असशील," थोरली म्हणाली.

"मी? मोजण्यात?"

"बरं बाई, डबी चुकली असेल. चिडतेस कशाला?"

त्यांनी ती फेरी लावली, आणि चहा तसाच राहिला. काय चालवत होती ती बाई! वळणाआधी घाई नाही, वळणात दचकणं नाही. ट्रॅकच्या मागच्या टोकाला टेकाडापलीकडे एक वळण आहे, त्याला सगळे लबाड म्हणतात. लांबून मोकळं दिसतं आणि आत शिरल्यावर आवळत जातं. तिथे थोरली कायम घाबरून लवकर वळते. कुंपणाच्या आठव्या खांबापाशीच तिचा धीर सुटतो. व्हिडिओतली बाई मात्र थांबली. आठवा खांब गेला, नववा, दहावा, आणि अकराव्यापाशी निवांत आत वळली. वळण तिच्यापुढे उघडत गेलं.

धाकटीने स्टॉपवॉच लावलं. एक मिनिट अठ्ठावन्न.

"ही मी नव्हेच," थोरली म्हणाली. "दुसऱ्या कोणाचा तुकडा मिसळलाय."

"कोपर बघ."

सूटच्या उजव्या कोपराला लाल दोऱ्याची शिवण होती. गेल्या वर्षी पडल्यावर थोरलीने ती स्वतः घातली होती, घरात काळा दोरा संपला होता म्हणून. असा दुसरा सूट जगात असायचं कारण नव्हतं.

व्हिडिओच्या कोपऱ्यात वेळेचे आकडे असतात. त्या फेरीभर ते अकरा वाजून बावीस मिनिटं आठ सेकंदांवर उभे होते. गवत मागे पळत होतं, सावल्या सरकत होत्या, आकडे तेवढे जागेवर. फेरी संपली आणि आठाचे नऊ सेकंद झाले.

धाकटीने खुर्ची मागे सरकवली. पण थोरलीचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. तिने ती फेरी सहा वेळा बघितली, प्रत्येक वेळी लबाडपाशी टेबलावर थाप मारली आणि शेवटी बहिणीच्या गालाचा मुका घेतला.

"कशी का असेना, माझ्या अंगात हे आहे! बघितलंस ना? आहे!"

कॅमेरा बिघडलाय, असं धाकटीने स्वतःला सांगितलं आणि गार झालेला चहा पिऊन टाकला.

३

दुसऱ्या रविवारी तिने नवीन मेमरी कार्ड घातलं. कॅमेऱ्याचं घड्याळ तिच्या कामावरच्या घड्याळाशी ताडून बघितलं, ते बिनचूक होतं. मग नेहमीसारखी केशरी जॅकेट घालून पिटच्या, म्हणजे गाड्या थांबवायच्या जागेच्या, भिंतीशी उभी राहिली. ते तिचं दुसरं काम. सरळ रस्त्याच्या कडेला छातीएवढी भिंत आहे, तिथून पाटीवर मागच्या फेरीची वेळ लिहून थोरलीला दाखवायची. ताई भन्नाट वेगात समोरून जायची, पण पाटीकडे एक नजर टाकायचीच. दोन मिनिटं एक. दोन मिनिटं एक. दोन मिनिटं दोन.

"टेलरबाई, अजून थांबा वळायच्या आधी!" कोच ओरडायचे. "वळण कुठे पळून जात नाही!"

"मी पळून जाईन ना, सर!" थोरली हेल्मेटमधून ओरडायची.

त्या दिवशीही कागदावर सात आणि व्हिडिओत आठ. थोरलीला दुपारी गिऱ्हाईक आलं होतं, म्हणून धाकटी टेबलाशी एकटीच बसली होती. खालून शिलाई मशीनचा आवाज येत होता. तो ऐकत तिने जास्तीची फेरी लावली, आणि थोड्या वेळाने तिच्या लक्षात आलं की आपली मान सरळ आहे.

या फेरीत ट्रॅक तिरका नव्हता.

तिने मागची फेरी लावली, ट्रॅक कलंडलेला. पुढची लावली, कलंडलेला. मधली तेवढी अगदी सपाट, जणू माउंट कोणीतरी नीट चिकटवला होता. आवाजही वेगळा होता. वारा नाही, दुसऱ्या गाड्या नाहीत, एकटं इंजिन. आणि रस्त्यावरही दुसरं कोणी नव्हतं.

मग सरळ रस्ता आला, भिंत आली. धाकटीने स्वतःला शोधलं. केशरी जॅकेट लांबूनही चुकत नाही, इतर सात फेऱ्यांत ते ठिपक्यासारखं दिसायचं आणि मोठं होत जायचं. इथे भिंत रिकामी होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत चिटपाखरू नाही.

हेल्मेट भिंतीकडे वळलं. पाटी बघायला एक क्षण पुरतो. हे वळलं ते वळलेलंच राहिलं. रेघ जवळ आली तरी मान तशीच. मोटरसायकलचा एक नियम आहे, डोकं जिकडे, गाडी तिकडे. गाडी हळूहळू भिंतीकडे सरकत होती. मग एकदम हिसका बसला आणि ती मार्गावर आली. फेरी तिथे संपली.

धाकटीने मागच्या रविवारची फेरी काढून बघितली. तिथेही भिंत रिकामीच होती, मान वळलेलीच होती. फक्त तेव्हा गाडी भिंतीपासून चार हात लांबून गेली होती. आज दोन हात.

ती उठली आणि जिना उतरून खाली गेली. थोरली एका मुलाच्या पँटला टाचण्या लावत होती, तोंडातही टाचण्या होत्या. धाकटी दारात उभी राहून नुसती तिच्याकडे बघत राहिली.

"काय गं?" थोरली टाचण्यांतून बोलली.

"काही नाही. तू आहेस का बघायला आले."

"मी कुठे जातेय? अजून तीन पँटी आहेत."

४

शेवटच्या रविवारी ऊन छान पडलं होतं. थोरली तर गाडी उतरवल्यापासून शीळ घालत होती. मनगटाला तिने घट्ट पट्टी बांधली होती, आणि लोकांना, "लग्नाचं कंकण आहे, कंकण," असं काहीबाही सांगत होती. शेवटच्या सत्राआधी ट्रॅक अर्धा तास पायी चालायला मोकळा ठेवतात. दोघी चालत लबाड वळणापर्यंत गेल्या.

"हा आठवा," थोरली खांब मोजत म्हणाली. "नऊ. दहा. हा माझा अकरावा." ती तिथे उभी राहिली आणि तिने आत बघितलं. "अगं, इथून सगळं दिसतं की! चार वर्षं सर हेच सांगत होते. मीच भित्री."

धाकटीला आता राहवेना. तिने सगळं सांगून टाकलं. सपाट ट्रॅक, नसलेला वारा, रिकामी भिंत, दोन हातांवर आलेली गाडी. सांगताना तिचा आवाज फाटला, आणि त्याचाच तिला राग आला.

थोरलीने मधे एकदाही चेष्टा केली नाही.

"तू दिसत नाहीस?"

"नाही."

"कुठेच?"

"ताई, नाही. आणि ती मला शोधते. आणि तू आज तिच्यासारखी चालवणार आहेस. नको ना चालवू. दोन मिनिटं एक सेकंद काय वाईट आहे?"

थोरलीने बसकण मारली, कुंपणाला टेकून. ती मनगट चोळत राहिली.

"हे बघ," ती म्हणाली. "ती कोण, मला माहीत नाही. माझ्यासारखी आहे, एवढं दिसतंय. पण ती एकटीनेच करते सगळं, आणि मला माउंट वाकडा लावणारी बहीण आहे. मी अकराव्या खांबापर्यंत थांबणार ते सरांचं ऐकून, तिचं बघून नव्हे. तू भिंतीशी उभी रहा. बाकी काही करू नकोस. राहशील?"

"मी कुठे जातेय?" धाकटी म्हणाली, आणि मग दोघींना हसू फुटलं.

५

पहिली फेरी गाडी तापवण्यात गेली. दुसरी दोन मिनिटं दोन. तिसरी दोन मिनिटं एक. चौथी दोन मिनिटं, आणि वर थोडंसं. धाकटीने पाटीवर आकडे लिहिले, पाटी उंच धरली. थोरली नजर टाकून गेली.

पाचवी फेरी सुरू झाली. इंजिनाचा आवाज टेकाडाकडे गेला, टेकाड चढला आणि पलीकडे उतरून दबका झाला. भिंतीवरून ते वळण दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. दर वेळी तिथे आवाज लगेच पडायचा, ताई घाबरून ब्रेक दाबायची म्हणून. आज पडला नाही. धाकटी मनात मोजायला लागली. आठ. नऊ. दहा. अकरा.

आणि पलीकडून आवाज बाहेर पडला तो असा, की बाजूला उभे असलेले कोचसुद्धा, "आईशप्पथ!" म्हणाले.

सरळ रस्त्याच्या टोकाला गाडी दिसली. धाकटीने स्टॉपवॉच बघितलं. एक एकावन्न. त्रेपन्न. गाडी मोठी होत आली. होणार होतं. खरंच होणार होतं! तिने पाटी उंच धरली आणि ताईने मान वळवली.

मान वळली ती परत गेली नाही.

धाकटीला समोर हेल्मेटची काळी काच दिसत होती, थेट तिच्यावर रोखलेली, आणि तरी ती काच तिला बघत नव्हती. भिंतीवर इकडून तिकडे काहीतरी शोधत होती. गाडी भिंतीकडे सरकायला लागली. चार हात. तीन. धाकटीच्या हातून पाटी पडली. तिने दोन्ही हात वर केले, केशरी बाह्या फडकवल्या आणि मग दोन्ही हातांनी पुढे दाखवलं, रस्त्याकडे, घसा फुटेपर्यंत ओरडत, "पुढे बघ! ताई, पुढे बघ! मी आहे इथे, तू पुढे बघ!"

काच तिच्यावर येऊन थांबली. अगदी क्षणभर. मग पुढे वळली. गाडी भिंतीपासून हातभर अंतरावरून रेघ ओलांडून गेली. धाकटीला वाऱ्याचा धक्का बसला आणि ती मागे बसली ती जमिनीवरच.

कोचनी स्टॉपवॉच उचलून दाखवलं. एक मिनिट एकोणसाठ.

पुढचा अर्धा तास काय झालं ते सांगायला दहा तोंडं हवीत. पोरांनी टेलरबाईंना सूटसकट उचललं. तपासनीसाने तपासायचं सोडून टाळ्या वाजवल्या. कोच म्हणाले, "चार वर्षं घसा कोरडा केला, तो आज ओला करा," आणि सगळ्यांनी गरम चहा प्यायला. थोरली रडत होती, हसत होती, नाक पुसत होती, आणि पट्टी बांधलेला हात वर करून सगळ्यांना दाखवत होती, जणू तो तिने आत्ताच शिवून आणला होता.

गाडीत सामान भरताना मात्र ती धाकटीच्या कानाशी लागली.

"मला तू दिसत नव्हतीस," ती हळूच म्हणाली. "भिंत रिकामी होती गं. पूर्ण. मी शोधत होते. मग एकदम हात दिसले."

६

घरी आल्यावर थोरलीने हातपाय धुतले, चांगले कपडे घातले, अगदी पाहुणे यायचे असल्यासारखी टेबलाशी येऊन बसली. आपली फेरी बघायची होती तिला. आयुष्यातली एकमेव. कागद तिने समोर ठेवला होता, पाचव्या ओळीवर बोट.

कागदावर सात फेऱ्या होत्या. धाकटीने व्हिडिओतल्या मोजल्या. एक, दोन, तीन, चार. सगळ्या तिरक्या, सगळ्यांत भिंतीशी केशरी ठिपका. चौथीची रेघ गेली, कोपऱ्यातले आकडे पळत होते, आणि मधेच ते एक मिनिट एकोणसाठ सेकंद पुढे गेले. पुढे लगेच सहावी फेरी. थोरली एक हात हँडलवरून काढून हवेत नाचवत होती.

पाचवी नव्हती.

"मागे घे," थोरली म्हणाली.

धाकटीने मागे घेतलं. नव्हती. तिसऱ्यांदाही नव्हती. थोरलीचा चेहरा पडला, लहान मुलाचा पडतो तसा, आणि धाकटीला तो बघवेना. चार वर्षं, आणि बघायला काही नाही. खिडकीबाहेर संध्याकाळचं पिवळं ऊन होतं, रस्त्यावर कोणीतरी कोणाला तरी हाका मारत होतं.

"कुठे गेली गं?" थोरलीने विचारलं.

दोघींच्या मनात एकच आलं होतं आणि ते आधी कोणी बोलावं, हे ठरत नव्हतं.

"तिच्याकडे गेली असेल," शेवटी थोरलीच म्हणाली. "ती बसली असेल आत्ता. अशीच, टेबलाशी. तिच्या व्हिडिओत आठ निघाल्या असतील." तिने कागदावरचं बोट उचललं. "एकटीच बसली असेल का?"

धाकटीने काळ्या पडलेल्या पडद्याकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली.

"पण मग तिला तू दिसशील," थोरली म्हणाली. आता तिच्या आवाजात काहीतरी परत येत होतं. "भिंतीशी. नीट दिसशील ना? कसे केले होतेस हात?"

"असे."

"बसून काय दाखवतेस? उठ की."

धाकटी उठली. टेबलापासून चार पावलं मागे सरकली, कपाटाला पाठ लागेपर्यंत. सुरुवातीला तिला लाज वाटली. मग तिने दोन्ही हात वर केले, फडकवले आणि पुढे दाखवले, आणि आपण घरात आहोत हे विसरून ओरडली, "मी आहे इथे! तू पुढे बघ!"

थोरलीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. तिने लॅपटॉप हळूच फिरवला, कपाटाकडे तोंड करून, आणि म्हणाली, "पुन्हा कर."

धाकटीने पुन्हा केलं.